बिलाचं शेपूट

माझा नवरा हरेश उधारी मागायला जातो आणि निवट्या घेऊन येतो. थट्टा करत नाही मी. मागच्या श्रावणाच्या आधी तळवलीला गेला होता, एका हळदीच्या मांडवाचे पैसे वर्षभर अडकलेले ते आणायला. दुपारी परत आला तो हातात काळी पिशवी, आणि पिशवीत खाडीतल्या निवट्या, चिखलातले ते मासे, वळवळतायत. "काकांनी दिल्या," म्हणाला. मी विचारलं, "आणि पैसे?" तर म्हणे, "विषयच नाय निघाला. चाय झाली, पोहे झाले, मग एकदम कसं बोलायचं?" ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही म्हण ज्याने केली त्याने आमच्या हरेशला नक्की पाहिलेलं असणार.

आमचा धंदा मांडवाचा. माझे सासरे पंढरी, गाव त्यांना दादा म्हणतं म्हणून मीही दादाच म्हणते, त्यांनी बांबू आणि ताडपत्रीवर तो उभा केला. आता लोखंडी पाइप आहेत, झालरी आहेत, पाचशे माणसांचा भात शिजेल अशी पातेली आहेत, खुर्च्या आहेत आणि सगळं वाहायला एक टेम्पो आहे. घणसोली गावात आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्न एखाद्या हॉलमध्ये उरकतील, पण हळदीचा मांडव दारातच पडायला हवा आणि त्याखाली सगळं गाव जेवायला हवं. म्हणजे कामाला तोटा नाही. तोटा आहे तो पैशाला.

मी मूळची ऐरोलीची, सेक्टरमधल्या इमारतींतली. माझे वडील नंदकिशोर बेलापूरला सरकारी नोकरीत होते. लाइटबिल आलं की त्याच दिवशी भरायचं, वाण्याकडे सुटे नसले तर वस्तू परत ठेवून यायची, असं आमचं घर. उधार हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरत. तिथून मी लग्न करून गावात आले आणि माझी धाकटी मुलगी जाई शाळेत जायला लागल्यावर धंद्याचे हिशेब हातात घेतले. हातात घेतले म्हणजे कपाळाला हात लावला.

कोणाचंही बिल पूर्ण मिटलेलं नव्हतं. काही जणांनी काहीच दिलं नव्हतं, ते मी समजू शकते, बुडवे सगळीकडे असतात. पण ज्यांनी दिले होते, अगदी आपणहून घरी आणून दिले होते, त्यांनीही थोडे मागे ठेवलेले. कुणी हजार, कुणी दोन हजार, कुणी नुसते दीडशे. प्रत्येक बिलाला एक शेपूट. हे काय म्हणून मी दादांना विचारलं.

दादा हसले. "ती राहू द्यायची आसतंय, नमिता. पुरा हिशेब मिटवला का मानूस सुटला. त्याचा आपला काय संबंध? वाईच बाकी रायली का उद्या पोराच्या लग्नाला तो आपल्याकरंच येनार. येऊन बोलनार, पंढरी, मागचा पन देयाचा हाय, यो पन मांडव तूच घाल."

"आणि मागचे देतो का?"

"देतो ना. नवीन बाकी ठेवतो."

यावर माणसाने काय बोलावं! मी म्हटलं, दादा, हे म्हणजे लोकांना आपल्याकडे परत यावंसं वाटावं म्हणून आपणच त्यांना पैसे द्यायचे. दादांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "व्हय, तसाच." पटलं म्हणून म्हणाले की मला गप्प करायला, कोण जाणे.

पावसाळ्यात कामं बंद, पण टेम्पोचा हप्ता बंद नसतो. दोन हप्ते चुकले. तिसरा चुकला तर गाडी उचलून नेऊ, असं फायनान्सवाल्यांनी लेखी कळवलं. टेम्पो गेला तर पाइप काय डोक्यावरून नेणार? धंदाच गेला. आणि रोज सकाळी, मी जाईची वेणी घालत असताना, त्यांच्या बाईचा फोन यायचा. बाई म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. "प्रिय ग्राहक, आपला हप्ता थकीत आहे." मी तिला सांगितलं की बाई गं, आमचेच लोकांकडे अडकलेत. ती म्हणाली, प्रिय ग्राहक, आपला हप्ता थकीत आहे. मी चिडले, ओरडले, फोन आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच, त्याच गोड आवाजात. तिला ना चहा पाजता येत होता, ना निवट्या देता येत होत्या. शेवटी मी माझी बांगडी गहाण ठेवून एक हप्ता भरला.

भरून घरी येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला हीच बाई पाहिजे! हिला आत्या नाही, मामा नाही, हिला कुणाच्या हळदीला जेवायला जायचं नाही.

तर असं अ‍ॅप मिळतं. महिन्याला थोडेसे पैसे, की तुमच्या वतीने ते लोकांना आठवण करतं. पहिला मेसेज गोड, दुसरा कडक, तिसऱ्याला फोनच जातो. मी रात्रंदिवस खपून सगळ्या बाक्या त्यात भरल्या, शेपटांसकट. दादांनी लांबून बघितलं. "मशीन मागनार?" म्हणाले. "मंग लोकांनी मना विचारला तर मी काय सांगू?"

"सांगा, मशीनला विचारा म्हणून."

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. हरेशला तर सुटल्यासारखं झालं होतं. "तू कर काय ते, मला फक्त मागायला नको पाठवूस," म्हणाला आणि आपला फोन माझ्या हातात दिला. अ‍ॅपने विचारलं, फोनमधले सगळे नंबर नावासकट जोडू का? मी म्हटलं, जोड बाबा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात अर्धे पाटील आणि उरलेले म्हात्रे. नावंही फिरून फिरून तीच. हरेशच्या ओळखीत चार कुंदन आहेत. त्यामुळे कुणाचाही नंबर सरळ नावाने ठेवून भागत नाही, पुढे खूण लावावी लागते. सगळं गाव असंच करतं, यात हरेशचा एकट्याचा दोष नाही. पण त्याने कसल्या खुणा लावल्यात ते मी कधी उघडून बघितलं नव्हतं, आणि त्या गाढवाला सांगायचं सुचलं नाही.

रविवारी सकाळी मेसेज गेले. मी कांदेपोहे करत होते. पहिला फोन आला तो हरेशच्या बालमित्राचा.

"हऱ्या, मी 'गोटीराम उद्या देतो' काय रे?"

हरेशचा चेहरा उतरला. त्याने मेसेज मागवून बघितला. 'नमस्कार गोटीराम उद्या देतो, आपली रक्कम बाकी आहे.' मग धडाधड सगळे यायला लागले. ज्याच्या लग्नातून आमच्या सहा खुर्च्या गायब झाल्या होत्या, त्याला 'नमस्कार प्रसाद खुर्चीचोर' असा गेला होता. त्याची बायको नवीन, तिने तो वाचला आणि सासूला वाचून दाखवला. आमची भांडी परत न करणाऱ्या बाईंना 'नमस्कार शकुबाई दोन पातेली' असा. हरेशचा आतेभाऊ कुंदन, जो लहानपणी उठसूट रडायचा म्हणे, त्याला 'नमस्कार कुंदन रडका'. आणि दादांची थोरली बहीण, गोठिवलीच्या गिरजाबाई आत्या, बोलायला लागल्या की समोरचा गार, त्यांना 'नमस्कार आत्या तोफ'. प्रत्येक मेसेजच्या शेवटी एकच ओळ होती, ती अ‍ॅपवाल्यांनीच लिहिलेली: कृपया संपूर्ण रक्कम भरावी, एक रुपयाही बाकी ठेवू नये.

"नावं बदल, नावं बदल," हरेश ओरडत होता. मी म्हटलं, आता बदलून काय उपयोग, गेले ते गेले. पोहे करपले.

पण खरं सांगू? दुपारपर्यंत पैसे यायला लागले. फोन नुसता वाजत होता. प्रसादने खुर्च्यांसकट भरले. शकुबाईंनी पैसेही पाठवले आणि नातवाच्या हाती दोन्ही पातेली, घासून. गोटीरामने उद्यावर न टाकता आजच दिले. वर्षानुवर्षांची शेपटं आपोआप गळून पडायला लागली. संध्याकाळी मी हरेशला म्हटलं, बघितलंस? तुझ्या पाच वर्षांच्या चहाला जे जमलं नाही ते एका सकाळी झालं. तो मान खाली घालून नंबरांपुढची नावं पुसत बसला होता.

"सगळे पूर्ण देतायत गं," एवढंच म्हणाला.

"मग वाईट काय त्यात?"

तो नावं पुसतच राहिला. मला या घरातल्या गप्प बसण्याचा इतका वैताग आलाय ना! काही खुपत असेल तर तोंडाने सांगावं माणसाने.

दुसऱ्या दिवशी गिरजाआत्या आल्या. रिक्षातून उतरल्या, नऊवारीचा कासोटा सारखा केला आणि ओट्यावरून थेट आत. दादा चहा पीत होते. मी पुढे होऊन पाया पडले आणि म्हटलं, "आत्या, त्या नावाचं माफ करा हं, ते फोनने आपोआप—"

"तोफ त मी हायच," त्या म्हणाल्या. "त्याचा मना काय नाय. घरात समद्यांना वाचून दाखवला मी, पोरा हसून हसून मेली." मग कमरेची पिशवी सोडली, नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या. "मोज."

"अहो, मोजायचं काय त्यात."

"मोज ना. एक रुपया पन बाकी ठेवू नको, आसा बोलली ना तुजी मशीन? कुंदनचे लग्नाचे रायले व्हते, ते पन हायेत त्यात. कुंदनचे लग्नाला आता पंचवीस वर्सा झाली. आनी पावती दे."

माझ्या वहीत कुंदनच्या लग्नाचं काहीच नव्हतं. ते दादांच्या डोक्यात असणार, आणि आत्यांच्या. दादांनी कप खाली ठेवला. "गिरजे, पोरीला ठाव नाय आपला—"

"तिला नसंल. तुला ठाव व्हता ना?"

मी पावती लिहिली, दुसरं काय करणार होते? आत्यांनी ती घडी करून चोळीत ठेवली, जाईच्या हातात खाऊला वीस रुपये दिले आणि निघाल्या. चहा घेतला नाही. दादा रिक्षापर्यंत गेले, पण त्या रिक्षात बसेपर्यंत काहीतरी दुसरंच बोलत राहिल्या, पावसाचं वगैरे.

मी बांगडी सोडवून आणली. टेम्पोचे थकलेले आणि पुढचेही दोन हप्ते भरले. ती फोनवरची बाई एकदम थंड झाली. मी सुटले असं मला वाटलं, आणि अजूनही मी चुकले असं म्हणणार नाही. आपल्या कामाचे पैसे मागणं हा गुन्हा असेल तर मग मांडव फुकट घाला आणि भजनं म्हणत बसा.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली. आमच्या धंद्याचा सुगीचा काळ. दरवर्षी यावेळी हरेशला जेवायला बसायला फुरसत नसायची. यंदा तो रोज टेम्पो धुवायचा. धुतलेला टेम्पो पुन्हा धुवायचा. सेक्टरमधल्या सोसायट्यांच्या दोन बारशांची कामं आली, त्यांनी पैसे तिथल्या तिथे दिले, आणि तेवढंच. गावातून एकही फोन नाही. भांडण कुणी केलं नाही, बरं का. वाटेत भेटले की सगळे नीट बोलत. गोटीराम तर मला भाजीची पिशवी उचलू लागला. पण त्याच्या भावाच्या हळदीचा मांडव ऐरोलीच्या एका नव्या पार्टीने घातला. आमच्या दारावरून त्यांची गाडी गेली तेव्हा दादा ओट्यावरच होते.

मनस्वीच्या हळदीची पत्रिका आली. मनस्वी म्हणजे कुंदनची मुलगी, गिरजाआत्यांची नात. दादांच्या सख्ख्या बहिणीचं घर, त्या घरातला प्रत्येक मांडव दादांनी घातलेला, कुंदनचं बारसं धरून. पत्रिका छान होती, मानाने आणून दिली, कुंकू लावलं. मांडवाचं अवाक्षर नाही.

मला राहवेना. गेले गोठिवलीला. कुंदनला म्हटलं, भावजी, सरळ बोलते, मांडव आम्हाला द्या, तुम्ही म्हणाल तो भाव. हवं तर निम्म्यात घालू. हवं तर आता काही देऊच नका, पुढच्या वर्षी द्या. हे बोलताना माझं मलाच हसू येत होतं आणि रडूही.

कुंदन फार सभ्य माणूस. "वयनी, पार्टी ठरली आता, आगाऊ दिलेत त्यांना. आनी तुमचा आमच्यावर काय देना हाय काय? नाय ना? मग टेन्शन कशाला घेता? सकाळपासून या सगळी. दादांना बोला, मामाचा मान पहिला."

भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं.

मांडवाच्या दिवशी सकाळीच आम्ही गेलो. दादांनी नवा सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. मला वाटलं होतं ते येणार नाहीत, पण ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते. कुंदनच्या दारात पाइप उभे राहत होते. ऐरोलीवाल्यांची पोरं चपळ होती, पण जागा त्यांच्या ओळखीची नव्हती. तिथे दारासमोर जमिनीला उतार आहे, त्यामुळे कोपऱ्यातला खांब बसेना आणि वरचं कापड एका अंगाला झोळीसारखं लोंबायला लागलं. मांडवाला बांधायची उंबराची फांदी घेऊन बायका खोळंबल्या होत्या. मुकादम पोरांवर खेकसत होता.

दादा बराच वेळ बघत राहिले. मी हरेशकडे बघितलं, हरेश जमिनीकडे. मग दादा उठले. टोपी काढून खिशात कोंबली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या, खांबाशी गेले आणि दोरीचं टोक हातात घेऊन त्या पोराला म्हणाले, "ह्यो दगर काढ खालचा. इथं आरवी वीट लागतंय, मागं न्हानीजवळ हाय बघ." पोरगा वीट आणायला पळालाही. दादांनी दोरी ताणली, कापड वर उचललं गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या चार महिन्यांत नव्हतं ते समाधान मी बघितलं, खोटं नाही सांगत.

गिरजाआत्या दारातून बघत होत्या. त्या पायऱ्या उतरून आल्या. मला वाटलं, आता काही तरी खेकसतील, काय रे खांब वाकडा घातलायस, असं म्हणतील, आणि मिटेल सगळं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, आत्या, शिव्या घाला.

पण त्यांचा आवाज अगदी मऊ होता. तसा मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"पंढरी, तू नको करू. बस. पावना हायेस तू."

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. हातातली दोरी तशीच ताणलेली. मुकादम पुढे झाला, "काका, द्या इकडे," म्हणाला आणि त्याने दोरी त्यांच्या हातातून सोडवून घेतली. कुणीतरी खुर्ची आणली आणि सावलीत मांडली. आत्यांनी स्वतः पदराने ती पुसली.

दादा बसले. खिशातून टोपी काढून नीट डोक्यावर ठेवली. मग आत्यांनी घरातला चांगला कप काढून, बशीत ठेवून, सगळ्यांच्या आधी त्यांना चहा आणून दिला.